चोराची क्षमता आणि त्याचे साहित्य: दोन्हींचे नियम एकत्र वाचण्याची पद्धत

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फासे टाकून पात्रे रंगवण्याच्या खेळात 'रोग' हा वर्ग, म्हणजे आपल्या बोलण्यातला चोर, निवडणारा नवा खेळाडू आधी क्षमतांची पाने वाचतो आणि साहित्याचे प्रकरण नंतरसाठी ठेवून देतो. योद्ध्याच्या बाबतीत हे खपून जाते, कारण त्याच्या हातात तलवार असो की कुऱ्हाड, त्याचे बहुतेक गुण चालूच राहतात. चोराचे तसे नाही. त्याच्या महत्त्वाच्या क्षमतांना अटी जोडलेल्या असतात आणि त्या अटी हातातल्या, अंगावरच्या किंवा पाठीवरच्या वस्तूंशी बांधलेल्या असतात. पुस्तकात एकमेकांपासून लांब छापलेली ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून वाचल्याशिवाय हा वर्ग त्याच्या पूर्ण ताकदीने खेळता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या सोलापूरच्या गटात एकच छापील पुस्तक पाच-सहा जणांत फिरते आणि बाकीचे मोबाइलवर फक्त आपल्या वर्गाचे पान उघडून बसतात. शस्त्रांचा आणि चिलखतांचा तक्ता त्या पानावर नसतो, त्यामुळे वाद नेमका फासे टाकायच्या वेळी निघतो. पुढे दिलेला क्रम अशा गटांसाठी आहे. पात्र तयार करताना एकदा आणि नवे साहित्य मिळाले की पुन्हा एकदा, याच क्रमाने तपासणी करावी.

तपासणीला बसण्यापूर्वी आपला गट कोणते नियम वापरतो हे ठरवून घ्यावे. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम २०१४ चे आहेत आणि त्यांची सुधारित आवृत्ती २०२४ मध्ये आली. चोराच्या बाबतीत या दोघींत असे काही फरक आहेत की एका टेबलावरची योग्य चाल दुसऱ्या टेबलावर नियमबाह्य ठरते. मूळ पुस्तक विकत घेणे शक्य नसेल तरी अडत नाही. सिस्टीम रेफरन्स डॉक्युमेंट नावाचा मूलभूत नियमसंच २०२३ च्या जानेवारीत क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला असून, सुधारित नियमांवर बेतलेला पुढचा संचही २०२५ मध्ये तसाच खुला झाला आहे. दोन्हींत चोराचा वर्ग आणि त्याचा थीफ हा उपवर्ग आहे. त्यातली शस्त्रे आणि चिलखत यांच्या तक्त्यांची पाने नवी पेठेतल्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणावीत आणि खेळताना टेबलावर ठेवावीत. या लेखातील प्रत्येक पायरीला त्यांची गरज पडेल.

शस्त्र: स्नीक अटॅकची पहिली अट

स्नीक अटॅक ही चोराची मुख्य क्षमता. पहिल्या पातळीला १डी६ (म्हणजे सहा बाजूंच्या एका फाशावर येईल) इतके जादा नुकसान, तिसऱ्या पातळीला २डी६, आणि पुढे दर दोन पातळ्यांना एक फासा वाढत एकोणिसाव्या पातळीला १०डी६. हे जादा नुकसान मिळण्यासाठी हल्ला फिनेस, म्हणजे ताकदीऐवजी चपळाईनेही चालवता येण्याच्या, गुणधर्माच्या शस्त्राने किंवा दूरवर मारा करणाऱ्या, म्हणजे तक्त्यात 'रेंज्ड' गटात नोंदलेल्या, शस्त्राने झालेला असला पाहिजे. इथे शब्द काळजीपूर्वक वाचावेत. नियम हल्ल्याच्या प्रकाराबद्दल बोलत नाही, शस्त्राच्या प्रकाराबद्दल बोलतो. हँडअ‍ॅक्स फेकून मारली तर तो दुरून केलेला हल्ला होतो खरा, पण हँडअ‍ॅक्स तक्त्यात जवळच्या लढाईच्या शस्त्रांत आहे आणि तिला फिनेस गुणधर्म नाही. म्हणून स्नीक अटॅक लागू होत नाही. जॅव्हलिनचेही तेच. खंजीर मात्र फेकला तरी चालतो, कारण तो मुळातच फिनेस शस्त्र आहे आणि फेकल्याने त्याचा गुणधर्म जात नाही. गोफण अगदी साधे आणि जवळजवळ फुकटात मिळणारे शस्त्र असूनही ती रेंज्ड गटात आहे, त्यामुळे तिने केलेला हल्ला पूर्णपणे पात्र ठरतो.

यातून एक विचित्र वाटणारी गोष्ट निघते. २०१४ च्या नियमांत चोराला लाँगसोर्ड वापरण्याचे प्रावीण्य मिळते, पण लाँगसोर्डला फिनेस नाही. वापरता येणारे शस्त्र आणि आपल्या मुख्य क्षमतेला चालणारे शस्त्र या दोन वेगळ्या याद्या आहेत, हे या एका उदाहरणावरून लक्षात ठेवावे. २०२४ मध्ये ही विसंगती काढून टाकली आहे. तिथे चोराला सर्व साध्या शस्त्रांचे आणि मार्शल (लष्करी) गटातील फिनेस किंवा लाइट (हलक्या) गुणधर्माच्या शस्त्रांचे प्रावीण्य मिळते, आणि त्यामुळे सिमिटर व चाबूक ही दोन शस्त्रेही चोराच्या हाती येतात.

फिनेस शस्त्राने हल्ला करताना डेक्स्टेरिटीच (चपळाईच) वापरली पाहिजे असा स्नीक अटॅकचा आग्रह नाही. फिनेस म्हणजे स्ट्रेंग्थ (ताकद) आणि डेक्स्टेरिटी यांपैकी एक निवडण्याची मुभा. बळकट अंगाचा, स्ट्रेंग्थवर उभा केलेला चोर रेपियर घेऊन खेळला तरी त्याचा स्नीक अटॅक शाबूत राहतो. असे पात्र क्वचित दिसते, पण माथाडी कामगार किंवा पैलवान या पार्श्वभूमीचा चोर ज्याला रंगवायचा असेल त्याने हे जरूर करून पाहावे.

शस्त्र नसलेल्या वस्तूंचे काय, हा पुढचा प्रश्न. मुक्का हे शस्त्र नाही, म्हणून त्याला स्नीक अटॅक नाही. फेकलेला खुर्चीचा पाय किंवा फोडलेली बाटली ही तात्पुरती शस्त्रे आहेत. ती ना फिनेस, ना रेंज्ड. तेजाबाची कुपी किंवा अ‍ॅल्केमिस्ट्स फायर फेकणे २०१४ मध्ये तात्पुरत्या शस्त्राचा हल्ला मानला जातो, म्हणून त्यालाही जादा नुकसान मिळत नाही. २०२४ मध्ये तर तिथे हल्ल्याचा फासाच नसतो, समोरच्याला सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावाचा फासा, टाकावा लागतो, त्यामुळे प्रश्नच उद्भवत नाही.

चिलखत: डिसअ‍ॅडव्हांटेजची साखळी

शस्त्र पात्र असले की दुसरी अट येते. (इथे अ‍ॅडव्हांटेज म्हणजे वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घेणे, आणि डिसअ‍ॅडव्हांटेज म्हणजे लहान आकडा घ्यावा लागणे.) हल्ल्यावर अ‍ॅडव्हांटेज असावा. किंवा लक्ष्याच्या पाच फुटांच्या आत त्याचा दुसरा एखादा शत्रू शुद्धीवर उभा असावा आणि आपल्या हल्ल्यावर डिसअ‍ॅडव्हांटेज नसावा. बहुतेक खेळाडू या वाक्याचा पहिला भाग पाठ करतात. शेवटचे चार शब्द अधिक महत्त्वाचे आहेत, कारण साहित्याचे नियम चोराला जो फटका देतात तो प्रामुख्याने याच दाराने आत येतो. तलवारीची धार कमी झाली किंवा चिलखत जड आहे असे नियम म्हणत नाहीत; ते डिसअ‍ॅडव्हांटेज देतात, आणि डिसअ‍ॅडव्हांटेज आला की स्नीक अटॅक जातो.

चोराला फक्त हलक्या चिलखताचे प्रावीण्य असते. प्रावीण्य नसलेले चिलखत घातले तर स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटीवर आधारलेल्या प्रत्येक चाचणीला, सेव्हिंग थ्रोला आणि हल्ल्याला डिसअ‍ॅडव्हांटेज मिळतो. म्हणजे मेलेल्या पहारेकऱ्याचे चेन शर्ट चोराने अंगावर चढवले, तर त्याच क्षणी त्याचा स्नीक अटॅक थांबतो, लपण्याची चाचणी बिघडते, कुलूप उघडणे अवघड होते आणि आगीच्या गोळ्यातून उडी मारून सुटण्याची शक्यताही कमी होते. कुठेतरी दुसरीकडून अ‍ॅडव्हांटेज मिळाला तर दोन्ही एकमेकांना रद्द करतात आणि फासा सरळ एकदाच टाकला जातो. मग लक्ष्याशेजारी साथीदार असेल तर स्नीक अटॅक पुन्हा लागू होतो. पण दर पाळीला अशी भरपाई शोधत बसणे हा मार्ग नव्हे.

एवढे सोसून मिळते काय, तेही मोजून पाहावे. डेक्स्टेरिटी १६, म्हणजे तिची भर ३, असलेल्या चोराचा आर्मर क्लास (त्याला वार लागायला गाठावा लागणारा आकडा) ४५ सोन्याच्या नाण्यांच्या स्टडेड लेदरमध्ये १२ अधिक ३, म्हणजे १५ होतो. चेन शर्टमध्ये तो १३ अधिक जास्तीत जास्त २, म्हणजे पुन्हा १५. डेक्स्टेरिटी १८ झाली की स्टडेड लेदर १६ वर जाते आणि चेन शर्ट १५ वरच राहते. ज्याच्यासाठी सगळ्या क्षमता गमवायच्या ते चिलखत संरक्षणही जास्त देत नाही, हे आकडेच सांगतात.

हलक्या चिलखतातही एक अपवाद आहे. पॅडेड चिलखत पाच नाण्यांत मिळते आणि पहिल्या पातळीला स्वस्त म्हणून मोह होतो, पण ते लपण्याच्या चाचणीला डिसअ‍ॅडव्हांटेज देते. चोराने दहा नाण्यांचे लेदर घ्यावे. तेवढाच आर्मर क्लास, आणि अडचण कोणतीच नाही. सुरुवातीच्या साहित्यात ते मिळतेही.

ढालीचा नियम दोन आवृत्त्यांत वेगळा आहे. २०१४ मध्ये ढाल चिलखताच्याच नियमात येते, त्यामुळे प्रावीण्याशिवाय ती उचलणाऱ्या चोराला वर सांगितलेला सगळा डिसअ‍ॅडव्हांटेज भोगावा लागतो. २०२४ मध्ये प्रशिक्षण नसलेल्याला ढालीचा आर्मर क्लास मिळत नाही, एवढेच. दोन्ही प्रसंगी चोराला ढाल घेऊन फायदा नाही, पण २०१४ मध्ये तोटा मोठा आहे.

इव्हेजन (स्फोटासारख्या माऱ्यातून निसटणे) आणि अनकॅनी डॉज (लागलेल्या वाराचे नुकसान निम्मे करणे) या क्षमतांबद्दल एक जुना समज अजून ऐकू येतो, की जड चिलखतात त्या चालत नाहीत. इव्हेजनबाबत तो नियम तिसऱ्या आवृत्तीतला आहे. तिथे ती फक्त हलक्या चिलखतात किंवा चिलखताशिवाय चालत असे. पाचव्या आवृत्तीत चिलखताची अट नाही. मल्टिक्लास करून, म्हणजे दुसऱ्या वर्गाच्याही पातळ्या घेऊन, मध्यम चिलखताचे प्रावीण्य मिळवलेल्या चोराला ब्रेस्टप्लेट घालूनही इव्हेजन वापरता येते, आणि ब्रेस्टप्लेट लपण्यात अडथळाही आणत नाही.

अंतर आणि जागा यांनीही तोच डिसअ‍ॅडव्हांटेज येतो. शॉर्टबोचा पल्ला ८० आणि ३२० फूट असा लिहिलेला असतो. ८० फुटांच्या पुढे बाण जातो, पण डिसअ‍ॅडव्हांटेजने, म्हणजे स्नीक अटॅकशिवाय. खंजिराचा पल्ला २० आणि ६० फूट, हँड क्रॉसबोचा ३० आणि १२०; चोराने यातला पहिलाच आकडा आपला पल्ला समजावा. आणि आपल्याला पाहू शकणारा, भानावर असलेला शत्रू पाच फुटांच्या आत असताना रेंज्ड शस्त्र चालवले तरी डिसअ‍ॅडव्हांटेज येतो, मग बाण त्याच्यावर सोडलेला असो की दूरच्या दुसऱ्यावर.

हात: कशात काय धरले आहे

ही पायरी सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते आणि माझ्या मते सर्वांत जास्त विचार मागते. पात्राला दोन हात आहेत, आणि प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला दोन्ही हातांत काय आहे हे खेळाडूला सांगता आले पाहिजे.

२०१४ मध्ये प्रत्येक पाळीत एका वस्तूशी होणारा साधा व्यवहार फुकट मिळतो: एक शस्त्र उपसणे, एक दार ढकलणे, एक पिशवी उचलणे. दुसरा व्यवहार करायचा तर यूज अ‍ॅन ऑब्जेक्ट (वस्तू वापरणे) ही पाळीतली मुख्य कृती, म्हणजे पूर्ण अ‍ॅक्शन खर्च होते. म्हणून धनुष्य पाठीला लावून रेपियर उपसणे हे एका पाळीत फुकट होत नाही. धनुष्य खाली टाकून रेपियर उपसणे होते. खाली टाकलेली वस्तू तिथेच राहते आणि तटावर लढत असाल तर ती खंदकात पडू शकते, हे डीएमने (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने) विसरू नये. दोन खंजीर एकाच पाळीत उपसायचे असतील तर ड्युअल वील्डर हे फीट, म्हणजे वेगळी निवडावी लागणारी खास क्षमता, लागते, किंवा एक खंजीर आधीपासून हातात असावा लागतो. २०२४ मध्ये हा भाग बराच सैल झाला आहे. अटॅक अ‍ॅक्शनमधल्या प्रत्येक हल्ल्याबरोबर एक शस्त्र उपसता किंवा ठेवता येते आणि फेकायचे शस्त्र तर फेकण्याच्या क्रियेतच उपसले जाते, त्यामुळे कमरेला खंजिरांची माळ बांधून फिरणारा चोर आता खरोखर खेळता येतो.

दोन शस्त्रांनी लढण्याचा हिशेब मुळापासून समजून घ्यावा. स्नीक अटॅक एका पाळीत एकदाच मिळतो. दुसऱ्या हाताचा हल्ला नुकसान थोडे वाढवतो, पण त्याचा खरा उपयोग पहिला वार चुकला तर स्नीक अटॅक लावण्याची दुसरी संधी हा आहे. २०१४ मध्ये तो हल्ला पाळीतली एकमेव जादा कृती, म्हणजे बोनस अ‍ॅक्शन खातो आणि दुसऱ्या पातळीपासून चोराला मिळणारी कनिंग अ‍ॅक्शन, म्हणजे पळणे, निसटणे किंवा लपणे, तीही बोनस अ‍ॅक्शनच आहे. दर पाळीला यातले एकच निवडावे लागते. माझा सल्ला असा: पहिला वार लागला तर दुसरा वार सोडून निसटावे, चुकला तरच दुसऱ्या हाताचा खंजीर वापरावा. दोन्ही शस्त्रे लाइट गुणधर्माची हवीत, आणि रेपियर लाइट नाही. रेपियर आणि खंजीर ही चित्रात शोभणारी जोडी ड्युअल वील्डरशिवाय या नियमात बसत नाही. शॉर्टसोर्ड आणि खंजीर बसते.

२०२४ मध्ये वेपन मास्टरी, म्हणजे शस्त्रागणिक मिळणारा खास परिणाम, आली आणि हे गणित बदलले. चोराला दोन प्रकारच्या शस्त्रांची मास्टरी मिळते. खंजीर आणि सिमिटर यांची निक ही मास्टरी दुसऱ्या हाताचा हल्ला अटॅक अ‍ॅक्शनमध्येच आणते, म्हणजे बोनस अ‍ॅक्शन मोकळी राहते. शॉर्टसोर्ड, रेपियर, शॉर्टबो, हँड क्रॉसबो आणि डार्ट यांची व्हेक्स ही मास्टरी वार लागून नुकसान झाले की त्याच लक्ष्यावरच्या पुढच्या हल्ल्याला अ‍ॅडव्हांटेज देते. आधी शॉर्टसोर्ड, मग सिमिटर असा क्रम ठेवला तर पहिल्या वाराने मिळालेला अ‍ॅडव्हांटेज दुसऱ्या वाराला लागतो आणि कनिंग अ‍ॅक्शन हातची जात नाही. एकट्याने पुढे जाणाऱ्या चोरासाठी दर पाळीला आधीच्या वारावर उभा राहणारा व्हेक्स फार मोलाचा आहे, कारण लक्ष्याशेजारी साथीदार नसला तरी स्नीक अटॅकची अट पूर्ण होते.

हँड क्रॉसबो एका हाताचे असले तरी ते भरायला दुसरा हात मोकळा लागतो. एका हातात रेपियर, दुसऱ्यात हँड क्रॉसबो अशा अवस्थेत पहिला बाण सुटेल, दुसरा भरता येणार नाही. मशालही हातच अडवते, आणि वर लपणाऱ्याला उजेडात उभे करते. कंदील कमरेला अडकवण्याची परवानगी डीएमकडून आधीच घ्यावी. झाकणाचा कंदील अधिक बरा, कारण झाकण खाली केले की उजेड पाच फुटांपुरता मंद होतो.

थीफ उपवर्ग आणि फास्ट हँड्स

तिसऱ्या पातळीला थीफ उपवर्ग घेणाऱ्याला फास्ट हँड्स मिळते आणि वस्तूंचे नियम या क्षमतेइतके कुठेच महत्त्वाचे नसतात. २०१४ च्या शब्दांत, कनिंग अ‍ॅक्शनच्या बोनस अ‍ॅक्शनमध्ये हातचलाखीची चाचणी करता येते, थीव्ज टूल्सने, म्हणजे चोराच्या हत्यारांच्या संचाने, कुलूप उघडता किंवा सापळा निकामी करता येतो, किंवा यूज अ‍ॅन ऑब्जेक्ट ही अ‍ॅक्शन घेता येते. तिसऱ्या पर्यायात सगळी मौज आहे. जमिनीवर छर्रे किंवा लोखंडी काटे पसरणे, पळताना दोर सोडणे, हीलर्स किटने पडलेल्या साथीदाराला स्थिर करणे, हे सगळे हल्ला केलेल्या पाळीतच होते. हीलर्स किट पाच नाण्यांत मिळते, दहा वेळा वापरता येते आणि त्याला चाचणी लागत नाही. थीफ खेळणाऱ्याने ते घेतलेच पाहिजे.

मर्यादा तितकीच ठाम आहे. २०१४ च्या डंजन मास्टरच्या पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे की जादुई वस्तू चालवायला लागणारी अ‍ॅक्शन ही वस्तू वापरण्याच्या सामान्य अ‍ॅक्शनमध्ये मोडत नाही आणि म्हणून फास्ट हँड्सने ती करता येत नाही. जखम भरणारे पेय खेळाडूंच्या पुस्तकात दोरखंड-मशालींच्या यादीत ५० नाण्यांना छापलेले असले तरी ते जादुई वस्तू आहे. त्यामुळे २०१४ मध्ये थीफला ते बोनस अ‍ॅक्शनने पिता येत नाही. अनेक गट घरगुती नियम करून ही सवलत सर्वांनाच देतात. तसे असेल तर थीफच्या वाट्याचे वैशिष्ट्य कमी होत नाही, कारण ते मुळात त्याचे नव्हतेच.

२०२४ ने यातल्या दोन्ही गोष्टी उलटवल्या. जखम भरणारे पेय आता कोणीही बोनस अ‍ॅक्शनमध्ये पितो किंवा दुसऱ्याला पाजतो. आणि थीफच्या फास्ट हँड्समध्ये मॅजिक अ‍ॅक्शन लागणारी जादुई वस्तू वापरण्याची स्पष्ट परवानगी आली, म्हणजे कांडी चालवून त्याच पाळीत वारही करता येतो. उलट तेजाब आणि अ‍ॅल्केमिस्ट्स फायर आता अटॅक अ‍ॅक्शनमधल्या एका हल्ल्याच्या बदल्यात फेकतात, म्हणून २०२४ मध्ये ती फास्ट हँड्सच्या कक्षेबाहेर गेली. जुन्या सवयीने खेळणाऱ्यांनी हे तीन बदल कागदावर लिहून ठेवावेत.

हत्यारे, विष आणि ओझे

थीव्ज टूल्स २५ नाण्यांची, एक पौंड वजनाची. सामान्य कुलपाची काठिण्यपातळी १५ आहे. २०१४ मध्ये एक्सपर्टीज, म्हणजे प्रावीण्याची भर दुप्पट करणारी क्षमता, थीव्ज टूल्सवर लावता येते. तिसऱ्या पातळीला डेक्स्टेरिटीचे ३ आणि दुप्पट प्रावीण्याचे ४ मिळून ७ होतात आणि फाशावर ८ किंवा जास्त आले की कुलूप उघडते, म्हणजे शंभरात ६५ वेळा. २०२४ मध्ये एक्सपर्टीज कौशल्यांवरच लागते, पण हातचलाखी आणि थीव्ज टूल्स या दोन्हींचे प्रावीण्य असेल तर चाचणीला अ‍ॅडव्हांटेज मिळतो. रिलायबल टॅलेंट ही क्षमता, जी २०१४ मध्ये अकराव्या आणि २०२४ मध्ये सातव्या पातळीला येते, हत्यारांच्या चाचण्यांनाही लागू आहे. दहापेक्षा कमी फासा दहा धरला जातो. मात्र हत्यारे जप्त झाली की हे सगळे गुण नुसते कागदावर राहतात. म्हणून कैदेचा प्रसंग संभवत असेल तर हत्यारांचा दुसरा संच कुठे दडवला आहे हे डीएमला आधीच सांगून नोंदवावे.

२०२४ मध्ये पाचव्या पातळीला येणाऱ्या कनिंग स्ट्राइकमध्ये स्नीक अटॅकचा एक फासा सोडून लक्ष्याला विषबाधा करता येते, पण त्यासाठी पॉयझनर्स किट जवळ असावे लागते. ५० नाण्यांची ही वस्तू नसेल तर क्षमतेचा तो पर्याय बंद. नव्या खेळाडूंच्या नजरेतून ही अट हमखास सुटते.

ओझ्याचा हिशेब अनेक गट करत नाहीत. २०१४ चा पर्यायी एन्कम्ब्रन्स नियम वापरत असाल तर मात्र तो करावाच. त्या नियमात स्ट्रेंग्थच्या पाचपटीपेक्षा जास्त पौंड वजन झाले की वेग दहा फुटांनी घटतो आणि दहापटीच्या पुढे वीस फुटांनी घटून हल्ल्यांनाही डिसअ‍ॅडव्हांटेज येतो. स्ट्रेंग्थ ८ असलेल्या चोराची पहिली मर्यादा ४० पौंड, दुसरी ८०. लेदर चिलखत, रेपियर, दोन खंजीर, शॉर्टबो, भाता, वीस बाण आणि थीव्ज टूल्स मिळून १९ पौंड होतात. त्यावर बर्गलर्स पॅक चढवला की त्यातली पहार, हातोडा, दोरखंड, शिधा, पाण्याची पिशवी यांसह आणखी सुमारे ४७ पौंड येतात. म्हणजे खेळाच्या पहिल्याच दिवशी चोर पहिली मर्यादा ओलांडतो, आणि लुटीतली दोन-तीन जड भांडी उचलली की दुसरी ओलांडून स्नीक अटॅकही गमावतो. शिधा आणि दोरखंड बळकट साथीदाराच्या पाठीवर द्यावेत. पहार मात्र विचार करून द्यावी, कारण तरफ लावता येईल तिथे ती स्ट्रेंग्थच्या चाचणीला अ‍ॅडव्हांटेज देते आणि अशक्त चोराला तिचीच गरज जास्त असते.

जादुई वस्तूंत एल्व्हन चेन हे चिलखत चोरासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे: मध्यम चिलखत असूनही ते घालणाऱ्याला प्रावीण्य नसले तरी प्रावीण्य आहे असे मानले जाते, आणि वस्तूशी आधी बंध जुळवणे, म्हणजे अ‍ॅट्यूनमेंट लागत नाही. क्लोक ऑफ एल्व्हनकाइंडला लागते, आणि एका वेळी तीनच वस्तूंशी अ‍ॅट्यूनमेंट ठेवता येते. २०२४ मधल्या थीफला तेराव्या पातळीला चौथी जागा मिळते.

एका पाळीचा हिशेब

समजा, डीएमने आपल्या भुईकोट किल्ल्यासारखा दुहेरी तटबंदीचा आणि खंदकाचा किल्ला नकाशावर मांडला आहे. तिसऱ्या पातळीचा थीफ, डेक्स्टेरिटी १६, आतल्या तटावर आहे. हातात शॉर्टबो आहे आणि पहारेकरी त्याच्या अगदी शेजारी येऊन ठेपला आहे. साथीदार योद्धा पहारेकऱ्याला पलीकडून भिडला आहे. २०१४ चे नियम.

थीफने उभ्या जागेवरून बाण सोडला तर पाच फुटांच्या आतल्या शत्रूमुळे डिसअ‍ॅडव्हांटेज येतो. योद्धा शेजारी असूनही स्नीक अटॅक मिळत नाही. लागला तर १डी६ अधिक ३, सरासरी साडेसहा. त्याऐवजी धनुष्य खाली टाकून रेपियर उपसले तर १डी८ अधिक ३ अधिक २डी६, सरासरी साडेचौदा, आणि बोनस अ‍ॅक्शन निसटायला किंवा छर्रे पसरायला शिल्लक. तिसरा मार्ग, आधी बोनस अ‍ॅक्शनने डिसएंगेज करून, म्हणजे निसटून, तीस फूट मागे सरावे आणि मग बाण सोडावा: डिसअ‍ॅडव्हांटेज नाही, योद्धा लक्ष्याशेजारी आहेच, म्हणून १डी६ अधिक ३ अधिक २डी६, सरासरी साडेतेरा, आणि धनुष्य हातातच राहते. रेपियर आणि शॉर्टबो यांच्या फाशांतला फरक एका गुणाचा आहे. अट पाळली की मोडली यातला फरक सात-आठ गुणांचा. म्हणून शस्त्र निवडताना मोठ्या फाशापेक्षा ज्या शस्त्राने अट जास्त वेळा पूर्ण होते ते निवडावे. मी तिसरा मार्ग निवडेन, कारण पुढच्या पाळीत पहारेकऱ्याला माझ्यापर्यंत यायचे तर योद्ध्याचा संधीसाधू वार (जवळून निघून जाणाऱ्यावर करता येणारा) सोसावा लागेल.

याच संदर्भात: स्नीक अटॅकची मर्यादा एका पाळीला एकदा अशी आहे, फेरीला (म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी होईपर्यंत) एकदा अशी नाही. पहारेकरी थीफजवळून त्याच्या स्वतःच्या पाळीत पळू लागला आणि थीफच्या हातात रेपियर असले, तर त्या संधीसाधू वारालाही अट पूर्ण असल्यास स्नीक अटॅक लागतो. हातात शॉर्टबो असेल तर हा वार करताच येत नाही. पहिल्या दोन मार्गांत निवड करताना रेपियरच्या बाजूने हा एक जादा मुद्दा मोजावा.

इतर खेळांत काय बदलते

पाथफाइंडर या अशाच धर्तीच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत स्नीक अटॅकला लक्ष्य बेसावध असावे लागते आणि जवळच्या शस्त्राला फिनेस किंवा अजाइल यांपैकी एक गुणधर्म असावा लागतो; फेकलेल्या जवळच्या शस्त्रालाही तीच अट आहे. तिथे रफियन नावाचा चोराचा प्रकार ठराविक मर्यादेतल्या साध्या शस्त्रांनीही हे नुकसान करू शकतो. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या तिसऱ्या आवृत्तीत शस्त्राच्या प्रकाराची अट नव्हती, पण दुरून मारताना लक्ष्य तीस फुटांच्या आत असावे लागे आणि चिलखताची वजावट लपण्याच्या चाचणीतून थेट आकड्याने होत असे. एका खेळातून दुसऱ्यात पात्र नेताना म्हणूनच आधी शस्त्र, मग चिलखत, मग हात, मग ओझे असा तपासणीचा क्रम तोच ठेवावा आणि प्रत्येक टप्प्यावर त्या खेळाची अट नव्याने लिहून काढावी.

लिहिताना पात्रपत्रावर प्रत्येक शस्त्रापुढे चार गोष्टी नोंदवाव्यात: फिनेस किंवा रेंज्ड आहे का, पल्ल्याचा पहिला आकडा, किती हात लागतात, आणि २०२४ असेल तर मास्टरी. चिलखतापुढे प्रावीण्य आहे की नाही आणि लपण्यावर परिणाम काय, हे दोन शब्द पुरेत. पात्रपत्राच्या मागच्या बाजूला एकूण वजन पेन्सिलीने लिहावे, म्हणजे लूट वाटून झाल्यावर ते खोडून नव्याने मांडता येते.